लेखन बाजूला ठेवलं तर ब्रिटिश टीव्हीवरचा सर्वात विनोदी नट कोण?

नाट्यवेडा:
ब्रिटिश टीव्हीवरच्या विनोदी नटांचा विषय निघाला की गाडी हमखास लेखकांकडे वळते. म्हणून एक अट घालतो. संवाद कितीही झकास असोत, त्यांचे गुण नटाच्या खात्यात धरायचे नाहीत. तोच प्रसंग दुसऱ्या चांगल्या नटाला दिला असता तर काय हातचं गेलं असतं, तेवढंच बघायचं.

माझा पहिला नंबर रोवन ॲटकिन्सन. १ जानेवारी १९९० ला आलेल्या 'मिस्टर बीन'च्या पहिल्या भागातला चर्चचा प्रसंग घ्या. प्रवचनात झोप आवरत नाही, एवढंच कथानक. पण झोप शरीरात टप्प्याटप्प्याने उतरते. आधी मान, मग पाठ, आणि शेवटी गडी गुडघ्यांवर येऊन डोकं जमिनीला टेकवतो. प्रत्येक वेळी सावरायचा प्रयत्न आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं जास्त घसरणं. शेजारी बसलेले रिचर्ड ब्रायर्स जवळजवळ काहीच करत नाहीत, म्हणून ते सगळं उठून दिसतं. तुम्हीही नुसती नावं नका देऊ, प्रसंग सांगा.

सोंगाड्या:
डेव्हिड जेसन. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'मधलं बारमधलं पडणं, जानेवारी १९८९.

क्रम नीट बघा. जेसनचा डेल काउंटरला रेलून आपल्या मित्राला, ट्रिगरला, रुबाबात कसं वागायचं ते शिकवतोय. तो जरा बाजूला होतो, तेवढ्यात बारवाला काउंटरची फळी उचलून बाहेर येतो. डेल परत रेलायला जातो आणि आडवा, ताठच्या ताठ खाली. इथे नव्वद टक्के नट फसतील, कारण पडताना शरीर आपोआप तीन गोष्टी करतं: नजर खाली जाते, हात आधार शोधतो, गुडघा वाकतो. यातली एक जरी दिसली तरी याला पडायचं आहे हे प्रेक्षकाला आधीच कळतं. जेसनची नजर शेवटपर्यंत समोर आहे, खांदाही सैल. मूळ कल्पना लेखक जॉन सलिव्हन यांनी प्रत्यक्ष पाहिलेली होती, पण तो माणूस तोल जाता जाता सावरला होता. पूर्ण पडायचं हा आग्रह जेसनचा. म्हणजे तुमच्या अटीप्रमाणे निखळ नटाचे गुण.

आणि ट्रिगर झालेल्या रॉजर लॉइड-पॅकला विसरू नका. ट्रिगर वळतो, शेजारी कोणी नाही, आणि तो खाली न बघता इकडेतिकडे शोधतो. त्याने खाली बघितलं असतं तर हशा अर्ध्यावर तुटला असता.

तिसरी_घंटा:
अट मला पटत नाही, कारण जिथे नट आणि लेखक एकच आहे तिथे ती कोलमडते. रॉनी बार्कर 'द टू रॉनीज'साठी जेराल्ड वायली या टोपणनावाने लिखाण पाठवायचे, का तर त्याची निवड आपल्या नावावर होऊ नये. १९७६ चं हार्डवेअरच्या दुकानातलं प्रसिद्ध स्केच, म्हणजे छोटा विनोदी प्रसंग, त्याच टोपणनावाने लिहिलेलं. तिथे गिऱ्हाईक बार्कर, पण हसवण्याचा अर्धा भार दुकानदार झालेल्या रॉनी कॉर्बेटवर आहे. गिऱ्हाइकाचं बोलणं चुकीचं समजून तो भलतीच वस्तू आणतो, आणि अशा प्रत्येक वस्तूनंतर त्याचा पारा एकेक पायरी चढतो. दुसऱ्याच वस्तूला तो भडकला असता तर पुढे जायला जागा उरली नसती.

शिवाय तुम्ही दोघांनी फक्त शरीर धरलंत. 'येस मिनिस्टर'मध्ये सरकारी अधिकारी झालेले नायजेल हॉथॉर्न एक लांबलचक वाक्य एका दमात टाकतात, आणि तरी त्यातला प्रत्येक उपवाक्याचा सांधा ऐकू येतो. सूर चुकला की ते नुसतं पाठांतर वाटेल. त्यावर मंत्री झालेल्या पॉल एडिंग्टनचा गोंधळलेला चेहरा लागतोच.

खुंटी:
जॉन क्लीझ राहिले. 'फॉल्टी टॉवर्स'चे भाग फक्त १२, सहा १९७५ चे आणि सहा १९७९ चे. कॉनी बूथसोबत लिहिलेलं. 'गॉरमे नाइट'मध्ये बंद पडलेल्या गाडीला झोडपायचा प्रसंग आहे. आधी क्लीझचा हॉटेलमालक गाडीला दम देतो, मग फ्रेमबाहेर पळतो. कॅमेरा रिकाम्या गाडीवर थांबून राहतो, आणि तो झाडाची फांदी घेऊन परततो. फांदी कडक असती तर ती मारहाण वाटली असती. लवचीक असल्यामुळे गाडीचं काही बिघडत नाही, आणि त्याचा संताप वाया जाताना दिसतो.

पण खरं श्रेय अँड्र्यू सॅक्सना. त्यांचा वेटर मॅन्युएल मार खातो, आणि मार खोटा वाटला की प्रहसन संपलं. 'द वेडिंग पार्टी'त क्लीझच्या हातून भांड्याचा फटका खरोखर जोरात बसला होता. 'द जर्मन्स'मध्ये कोटातून धूर काढायला वापरलेल्या रसायनाने सॅक्सचा हात भाजला. या कामात धोका नेहमी मार खाणाऱ्याला असतो, कौतुक मारणाऱ्याचं होतं.

नाट्यवेडा:
@तिसरी_घंटा, मुद्दा मान्य, आवाजही धरूया. मग एरिक मोरकॅम्बही यादीत येतात. १९७१ च्या नाताळच्या कार्यक्रमात ग्रीगच्या पियानो कंचेर्तोची ते वाट लावतात आणि खरेखुरे संगीतकार आंद्रे प्रेविन बघत राहतात. प्रेविन यांना तालमीला जेमतेम वेळ मिळाला होता, तरी ते एकदाही हसत नाहीत. शेवटी एरिक त्यांच्या कोटाची कॉलर धरून, शांतपणे, आपण बरोबर वाजवतोय हे पटवतो. तिथे आवाज चढला असता तर मजा गेली असती.

परडी:
इतका वेळ एकही बाई नाही? ज्युली वॉल्टर्स, 'टू सूप्स', व्हिक्टोरिया वुडच्या १९८० च्या दशकातल्या मालिकेतलं स्केच. गिऱ्हाईक सिलिया इम्री आणि डंकन प्रेस्टन, दोघं घाईत. वॉल्टर्स तेव्हा पस्तिशीच्या आसपास, भूमिका कानाने कमी ऐकणाऱ्या थकलेल्या वेट्रेसची. मेकअप काढला तरी म्हातारपण टिकेल, कारण ते पावलांत आहे. पाऊल वीतभरसुद्धा पुढे पडत नाही, आणि ऑर्डर विसरू नये म्हणून ती ओठांत घोळवत राहते. ती टेबलापाशी पोचेपर्यंत प्रेक्षकाला थांबावं लागतं, तेही जवळजवळ संवादाशिवाय. इतका वेळ स्टेजवर रिकामा ठेवायचं धाडस यादीतल्या फार थोड्या जणांत आहे.

स्पाइक मिलिगनचंही नाव नोंदवा, जन्म १९१८, अहमदनगर. त्यांचं 'क्यू५' ही टीव्ही मालिका १९६९ मध्ये, 'मॉन्टी पायथन' या विनोदी मंडळींच्या मालिकेच्या काही महिने आधी आली. स्केच शेवटच्या विनोदी ठोक्याशिवाय, म्हणजे पंचलाइनशिवाय, अर्ध्यात सोडून द्यायची वाट पायथनवाल्यांना तिथेच दिसली. पण नट म्हणून ते स्वतःच मध्ये हसतात, म्हणून माझं मत वॉल्टर्सलाच.