मदत हवी आहे: फवारणीनंतर तोंडाची आग, निंदणानंतर पुरळ, दोन्ही अ‍ॅलर्जीच का?

यवतमाळ जिल्हा, पऱ्हाटीचं (कपाशीचं) वावर. सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक मारलं की दोन-तीन तासांत सालदाराचे गाल-कपाळ चुरचुरतात, मुंग्या येतात. पुरळ नाही, सकाळी साफ. निंदणाऱ्या बाईच्या पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या लवणीत मात्र दुसऱ्या दिवशी खाजरं पुरळ. मेडिकलवाल्यानं दोघांनाही सेट्रिझिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची गोळी दिली. बाईची खाज जराशी उतरली, सालदाराला काहीच फरक नाही. असं काऊन?

उत्तर १
भाऊ, सालदाराची अ‍ॅलर्जी नाहीच. सायपरमेथ्रिन कातडीतल्या मज्जातंतूंची टोकं थेट चेतवतं. अ‍ॅलर्जीत खाज आणणाऱ्या हिस्टामिन या रसायनाचा संबंधच नाही, मग ते अडवणारी गोळी काय करणार? पहिल्यांदा फवारणाऱ्यालाही हे होतं. जितकं औषध लागलं तितकी आग, आणि लागलं तिथंच. बहुधा २४ तासांत जातं. साबणानं हलकं धुवा, टिपून घ्या, खायचं तेल लावा. ऊन, घाम, गरम पाणी यानं आग वाढते. औषधाच्या हातानं कपाळाचा घाम पुसतात, मूळ तिथं आहे.

उत्तर २
बाईच्या बाबतीत धुऱ्यावरचं गाजरगवत पाहा. त्यातलं पार्थेनिन हे रसायन शरीर आधी ओळखून ठेवतं. त्याला कधी महिने, कधी वर्षं लागतात. मग वाळल्या गवताची धूळ उडून आली तरी टी-पेशी (शरीराच्या रक्षक पेशी) उठतात आणि एक-दोन दिवसांत पुरळ येतं. ‘इतकी वर्षं निंदते, आताच कसं?’ असं विचारतात, पण खरी अ‍ॅलर्जी अशीच उशिरा उगवते. खात्री पॅच टेस्टनं होते: पाठीवर संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या ४८ तास, काढल्यावर एकदा आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा पाहतात. घामानं पट्टी सुटते, म्हणून कामाच्या दिवसांत करू नका. आणि मेडिकलमधलं स्टिरॉइडचं मलम तोंडाला मनानं लावू नका, कातडी पातळ होते.

विचारणारा
फवारताना कधी गरगरतं, मळमळतं. तेही याच्यातलंच?

उत्तर १
नाही! प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस अशी कीटकनाशकं मारली असतील आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, लाळ, दरदरून घाम असं दिसलं तर ती विषबाधा. २०१७ ला आपल्याच जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली. कपडे उतरवा, अंग धुवा, १०८ लावा. औषधाचा डबा सोबत न्या. नाव पाहिल्याशिवाय डॉक्टरला उतारा ठरवणं अवघड जातं.