'डॉक्टरीणबाई' आणि 'घर सांभाळून'

प्रश्न : 'डॉक्टरीणबाई' म्हणजे डॉक्टर असलेली स्त्री की डॉक्टरांची पत्नी? लेखनात 'महिला डॉक्टर' असे लिहिणे अधिक योग्य ठरेल का?

उत्तर : दोन्ही अर्थ रूढ आहेत. 'पाटलीण', 'देशमुखीण' या शब्दांत हुद्दा नवऱ्याचा असतो. 'सुईण' या शब्दाला मात्र नवऱ्याची गरज नाही, कारण ते काम बाईचे स्वतःचेच. तेव्हा दोष प्रत्ययाचा नाही. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि गोपाळराव तर टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांच्याबाबतीत 'डॉक्टरीण' शब्दाचा दुसरा अर्थ संभवतच नव्हता.

'महिला डॉक्टर' हा प्रयोग, रुग्णाने तपासणीसाठी स्त्री डॉक्टरच हवी असे सांगितले असेल, तर रास्त आहे. 'महिला डॉक्टरांनी शोधनिबंध वाचला' या वाक्यात तो निव्वळ भरीचा आहे.

खरी अडचण पदनामाच्या आजूबाजूच्या शब्दांत आहे. सत्कार समारंभात एखाद्या प्राध्यापिकेचा परिचय करून देताना 'घर-संसार सांभाळून त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली' हे वाक्य हमखास येते. त्याच व्यासपीठावरच्या प्राध्यापकांचे घर कोणी सांभाळले, याची चौकशी निवेदक करत नाहीत. शिस्तीचा अधिकारी 'कडक' असतो, तर तितक्याच शिस्तीची अधिकारी 'खाष्ट' ठरते. हे विशेषण एरवी सासूच्या वाट्याचे. ते कचेरीत कसे शिरले, हे आपले आपण ओळखावे. पोलीस अधिकारी स्त्रीने छापा घातला की बातमीत 'लेडी सिंघम' किंवा 'रणरागिणी' येते आणि छाप्याचा तपशील शेवटच्या परिच्छेदात ढकलला जातो. हे कौतुक आहे खरे, पण त्यात तिच्या कामापेक्षा तिच्या बाईपणाचेच नवल अधिक असते.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये न्यायाधीश आणि वकिलांसाठी काढलेल्या पुस्तिकेत 'करिअर वुमन'ऐवजी नुसते 'वुमन' म्हणावे, असे सुचवले आहे. मराठीत तोच न्याय लावायचा तर 'नोकरी करणारी बाई' हे वर्णन, नोकरीचा संबंध असेल तेथेच यावे.

पुरवणी : वरील उत्तरात 'सरपंचपती' हा शब्द राहिला. पाटलिणीला नवऱ्याच्या पदामुळे नाव मिळत असे. सरपंचपतीला बायकोच्या पदामुळे नाव मिळते आणि वर ग्रामपंचायतीतली खुर्चीही.