निकॉन डी५३०० ला ५० एमएम डी लेन्स घेऊ का?

घाटवाट:
नमस्कार मंडळी, काकांनी त्यांचा निकॉन डी५३०० मला दिलाय, सोबत १८-५५ ची किट लेन्स आहे. मी यात एकदम नवीन. घरात भाचीचे फोटो काढतो तर संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये सगळे हललेले येतात आणि फ्लॅश मारला की चेहरा पांढराफटक. सगळे म्हणतात प्राइम (झूम न होणारी लेन्स) घे. इथल्या एका दुकानात सेकंडहँड ५० एमएम एफ/१.८ डी स्वस्तात मिळतेय, दुकानदार म्हणतो निकॉनची लेन्स आहे म्हणजे निकॉनला बसणारच. शिवाय मित्राकडे कॅननची ५० एसटीएम लेन्स पडून आहे, तो नुसती वापरायला द्यायला तयार आहे, मग अडॅप्टर लावून भागेल का? आणि हिवाळ्यात भिगवणला फ्लेमिंगो बघायला जायचंय, त्यासाठी ७०-३०० बघतोय पण तिच्या नावात इतकी अक्षरं आहेत की काही कळेना.

उजेडवाला:
दुकानदार खोटं बोलत नाहीये, लेन्स बसेल, मीटरिंगपण (उजेड मोजणं) होईल. पण ऑटोफोकस होणार नाही! ५० एफ/१.८ डी मध्ये फोकसची मोटर नाहीये, ती बॉडीतल्या मोटरवर चालते. डी७००० सिरीज, डी७५० वगैरेंमध्ये ती मोटर आहे, डी३००० आणि डी५००० च्या सिरीजमध्ये नाही. म्हणजे तुला रिंग हाताने फिरवायची आणि व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका लागला की क्लिक करायचं, ते देवळाच्या फोटोला ठीक आहे पण पळणाऱ्या पोरीला नाही जमत. तुझ्या बॉडीसाठी नावात एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे मोटर लेन्समध्येच) असलंच पाहिजे, नुसतं एएफ असेल तर सोडून दे.

आणि ५० घेऊच नकोस असं माझं म्हणणं. तुझ्या कॅमेऱ्यातल्या लहान, म्हणजे डीएक्स सेन्सरला दीडपट धरायचं, म्हणजे ती ७५ सारखी वाटते, आपल्याकडच्या खोल्यांत भिंतीला पाठ टेकली तरी फ्रेममध्ये पोर मावत नाही. ३५ एफ/१.८ जी डीएक्स बघ, एएफ-एस आहे. किट लेन्स ३५ वर साधारण एफ/४.५ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), एफ/१.८ ला त्याच्या सहापट उजेड आत येतो, तुझं दुखणं तेच आहे.

पितळी_माउंट:
कॅननवालीचा नाद सोड भाऊ. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉन एफ ला ४६.५ मिमी, कॅनन ईएफ ला ४४. म्हणून निकॉनची लेन्स कॅननवर पातळ रिंग घालून बसवता येते, उलटं करायला गेलास तर लेन्स सेन्सरपासून लांब पडते आणि दूरचं काही फोकसच होत नाही. मध्ये काच असलेले अडॅप्टर मिळतात पण ती काच फोटो खराब करते, आणि एसटीएमची फोकस रिंगसुद्धा कॅमेऱ्याकडून करंट मिळाल्याशिवाय काम करत नाही, ॲपर्चरचंही (लेन्सचं भोक लहान-मोठं करणं) तेच. मग उरलं काय हातात?

घाटवाट:
बापरे, बरं झालं विचारलं. ३५ नक्की. आता त्या ७०-३०० चं सांगा ना कोणीतरी.

पाणथळ:
मी दर हिवाळ्यात भिगवणला जाते म्हणून सांगते. एएफ-पी डीएक्स ७०-३०० दोन आहेत, एक व्हीआर (हाताची थरथर सावरणारी) आणि एक बिनव्हीआरची, दिसायला जवळपास सारख्याच, आणि व्हीआरवालीला त्याचं बटणही नाही, त्यामुळे लेन्सवरचं नाव शेवटपर्यंत वाच. ३०० ला हात जरा जरी हलला तरी दिसतं, व्हीआरचीच घे. डी५३०० ला एएफ-पी चालण्यासाठी फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट लागतो, निकॉनच्या साइटवर फुकट आहे, कार्डवर टाकून बॅटरी पूर्ण चार्ज करून करायचा. टॅमरॉन सिग्माच्या जुन्या ७०-३०० पण स्वस्तात दिसतील, त्यातल्या काहींना मोटर नसते, टॅमरॉनला यूएसडी आणि सिग्माला एचएसएम लिहिलेलं असेल तर मोटर आहे. होडीत मात्र व्हीआरवर विसंबू नकोस, पक्षी उडताना १/१००० च्या खाली शटर नको, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे.

घाटवाट:
३५ सेकंडहँड घेतली तर काय बघायचं? मुंबईला चक्कर आहे पुढच्या आठवड्यात, बोरा बाजारात जाईन म्हणतो.

उजेडवाला:
तुझा कॅमेरा सोबत ने, हे पहिलं. लावून दहा-बारा फोटो काढ, जवळ लांब दोन्हीकडे फोकस पटकन लागतो का बघ. मग लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मार आणि पुढून तिरकं बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस, मग कितीही स्वस्त असो नको. बारीक धूळ असली तर चालते, फोटोत दिसत नाही. मागची सोनेरी टोकं (कॅमेऱ्याशी विजेने जोडणारी) स्वच्छ हवीत. फिल्टर ५२ एमएमचा लागतो.




पितळी_माउंट:
आणि बिल घे रे, सिरीयल नंबर टाकून, आठवडाभराची तरी परत घ्यायची बोली करून. तिथले जुने दुकानदार देतात, मागावं लागतं फक्त.