मदत हवी आहे: लाटा + भूकंप लावला की मोनोपाइल झोपतोय, सोमवारी सबमिशन

निवळीफाटा
एमटेकचा प्रोजेक्ट. रत्नागिरीसमोर समुद्रात पवनचक्की, मोनोपाइलवर (समुद्रतळात रोवलेला एकच जाड पोलादी पाइप). लाटा आणि भूकंप दोन्ही लावले की टॉवरचा माथा जवळजवळ चार मीटर हलतो. गाइड म्हणाले, "तूच शोध." भूकंप कमी कसा करू? भूकंपाच्या नकाशातला झोन ४ ऐवजी सौम्य झोन ३ घेतला तर चालेल का? लवकर सांगा प्लीज.

गावकार
व्यास? पाण्याची खोली? माती? लाट किती? ज्योतिषाकडेसुद्धा जन्मवेळ घेऊन जातात हो.

निवळीफाटा
नेहमीचंच सगळं. ५ मेगावॅट, व्यास ६ मीटर, पाणी २० मीटर. सॅप सॉफ्टवेअरमध्ये केलंय.

जेटीवाला
कोकणात मोनोपाइल कशाला? वर लोण्यासारखा चिखल, खाली बेसाल्ट. हातोड्याने ठोकून पाइल खडकात उतरत नाही, ड्रिल करून सॉकेट करावं लागतं. आमच्या जेटीच्या एका पाइलला अख्खा आठवडा गेला होता, तोही जेमतेम मीटरभर व्यासाचा. चार पायांचं जॅकेट (पोलादी जाळीचा सांगाडा) घ्या, सुटाल.

गावकार
जेटीवाले, त्यांचं विश्लेषण चुकतंय. जॅकेट घेतलं तरी चूक तीच राहणार.

जेटीवाला
प्रत्यक्षात बांधायचं कुणी? कागदावर काय, काहीही उभं राहतं.

चिपळूणकरीण
११ डिसेंबर १९६७, पहाट. कोयनेचा धक्का बसला तेव्हा मांडणीवरची सगळी पितळी भांडी आजीच्या अंथरुणावर आली होती. भूकंप कमी करायचा म्हणे!

सडेकर
मुळात इथे पवनचक्क्या येतायत कुठे? २०२४ ला केंद्राने मंजूर केलेली ७,४५३ कोटींची योजना गुजरात आणि तमिळनाडूसाठी आहे, दोघांना ५००-५०० मेगावॅट.

गुहागर_छप्पर
घराच्या छपरावर छोटी पवनचक्की बसवायची आहे. पत्र्याला हादरे बसतील का? सबसिडी मिळते का?

दर्याचो
आमी जाळी खंय टाकूची, ता पण मॉडेलात घाला.

गावकार
निवळीफाटा, भूकंप पूर्ण काढा. नुसती लाट लावून माथा किती हलतो ते सांगा. पहिल्या मोडचा पिरियडही द्या, म्हणजे टॉवर आपल्या ठेक्यात एकदा झुलायला किती सेकंद घेतो ते.

निवळीफाटा
भूकंप काढला तरी साडेतीनच्या वरच!! लाट ५ मीटर, १० सेकंद. पिरियड १०.१.

गावकार
मग भूकंपाला कशाला दोष देताय? १० सेकंदांची लाट, १० सेकंदांचा पिरियड. झोपाळ्याला नेमक्या ठेक्यात धक्का देताय, तो वाढतच जाणार.

मोनोपाइलचा पिरियड साधारण साडेतीन-चार सेकंद यायला हवा. रोटर मिनिटाला १२ फेऱ्या मारतो, म्हणजे ०.२ हर्ट्झ (सेकंदाला ०.२ फेरी). तीन पाती, म्हणून पात्यांचा ठेका ०.६. लाटांचा ०.१ च्या आसपास. टॉवरला या फटीत, ०.२८ च्या जवळपास बसवतात.

माथ्यावर मास (वस्तुमान) किती टाकलंय?

निवळीफाटा
३४३०. नॅसेल (माथ्यावरची जनरेटरची पेटी) + रोटर.

गावकार
३४३० काय? टन?

निवळीफाटा
किलोन्यूटन. ३५० टन × ९.८.

गावकार
सापडलं. किलोन्यूटन-मीटरमध्ये काम करताना सॅपला जॉइंट मास टनात लागतं. तुम्ही वजन भरलंत. माथा जवळजवळ दहापट जड झाला, पिरियड तिपटीजवळ गेला.

जेटीवाला
आणि मातीच्या स्प्रिंगा? पी-वाय कर्व्ह (पाइल सरकला की माती किती रेटते त्याचा आलेख) दर मीटरचा असतो, स्प्रिंगमधल्या अंतराने गुणलंत का? शिवाय बुडाशी वाळू खरवडली जाते, डीएनव्हीचं मानक १.३ व्यास खोल खड्डा धरायला सांगतं. तुमच्या ६ मीटरला आठेक मीटरचा खड्डा! पावसाळ्यानंतर पिरियड तोच राहील असं समजू नका.

गावकार
हे मात्र बरोबर बोललात.

निवळीफाटा
मास ३५० केलं. पिरियड ३.७!! नुसत्या लाटेला माथा २०-२५ सेंटिमीटर. थँक्यू सर. स्प्रिंगा गुणल्या होत्या. खड्डा नाही धरला. मग भूकंप आता लावायलाच नको ना?

गावकार
लावायचा. आयएस १८९३ (२०१६) कोडाप्रमाणे मऊ मातीला १.६७ भागिले पिरियड ३.७, गुणिले ०.१२ (झोन ४ च्या ०.२४ चा अर्धा): पहिल्या मोडला जेमतेम ०.०५ जी (गुरुत्वत्वरणाच्या पटीत), आय-आर (महत्त्वाचा आणि प्रतिसाद घटवण्याचा गुणक) बाजूला ठेवून. पण दुसरा मोड अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो, त्याला कोडच्या आलेखाचा २.५ चा सपाट पठारभाग लागतो, ०.३ जी. नॅसेलसाठी उभा धक्काही धरा. टर्बाइन चालू असताना वाऱ्याचं डॅम्पिंग (झोके शमवणारा विरोध) मिळतं, बंद असताना एखादा टक्काच. म्हणून दोन्ही अवस्था तपासा, ५ टक्के डॅम्पिंग धरलेल्या कोडच्या स्पेक्ट्रमवर (त्या आलेखावर) विसंबू नका. सर्वांत मोठी लाट आणि सर्वांत मोठा भूकंप एकाच क्षणी धरू नका, भूकंपाबरोबर नेहमीचा समुद्र घ्या.

निवळीफाटा
ओके सर. मग झोन ३ की ४?

गावकार
नकाशा उघडा. २०१६ च्या कोडात मुंबई ३, कोयना ४. तुमची साइट कुठे पडते ते तुम्हीच बघायचं.

गुहागर_छप्पर
माझ्या पत्र्याचं काय?