स्पायडर आरटी: पुढच्या दोन चाकांत हवा किती ठेवावी? हायवेला हँडल बेचैन होतंय, सल्ला हवा

बो_नदीकाठी:
नमस्कार मंडळी. मुक्काम कॅलगरी. पुण्यात असताना बुलेट चालवायचो, इकडे आल्यावर बरीच वर्षं काहीच नव्हतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुचाकीचं वजन पेलायची हिंमत होईना, म्हणून यंदा वसंतात २०१५ची कॅन-ॲम स्पायडर आरटी सेकंडहँड घेतली. पुढे दोन चाकं, मागे एक. गाडी आवडली, बायकोलाही मागची सीट सोफ्यासारखी वाटते. प्रश्न एकच आहे.

हायवे १ वर कॅनमोरच्या दिशेने १०० ते ११०चा वेग धरला की हँडल सतत सावरावं लागतं. रस्त्यावर ट्रकच्या चाकोऱ्या असतील तर पुढची चाकं आपणहून त्यात शिरतात. वारा असेल तर विचारूच नका. शिवाय गाडी हलकीशी उजवीकडे ओढते. मागच्या महिन्यात एका वर्कशॉपमध्ये पुढचे दोन्ही टायर नवे टाकले, मूळच्याच मापाचे, १६५/५५ आर १५. त्रास तेव्हापासून जास्त जाणवतोय. त्यांना विचारलं तर म्हणाले लेझर अलाइनमेंट (चाकांची दिशा मोजून जुळवणं) करून घ्या आणि जाड स्वे बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) बसवा. दोन्हीचं मिळून बिल चांगलंच होतंय.

इथे तीनचाकी चालवणारं कुणी आहे का? आधी काय करावं? आणि हवा मोजायला चांगलं गेज कुठलं?

हायवे४०१:
पैसे खिशातच ठेवा. आधी सांगा, आत्ता हवा किती आहे? पंपावरच्या मशीनचा आकडा नको. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी गॅरेजमध्येच, तिन्ही चाकांची वेगवेगळी.

बो_नदीकाठी:
आज सकाळी बघितली. डावं २९, उजवं २५.५, मागचं २७. वर्कशॉपवाल्याने ३२ भरली असं सांगितलं होतं. "टायर कारसारखाच आहे, कारला ठेवतो तेवढी ठेवली" म्हणाला.

हायवे४०१:
झालं. रोग सापडला.

माझ्याकडे मिसिसागात २०१४ची आरटी आहे. मॅन्युअलमध्ये पुढे १५ आणि मागे २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय. तुमच्या गाडीवरचा स्टिकर आणि मॅन्युअल उघडून बघा, कारण मॉडेलनुसार आकडे बदलतात. पण पुढे ३२? दुप्पट झाले की हो! हा टायर दिसतो कारचा, पण त्याच्यावर कार कुठे बसलीये? आरटीचं कोरडं वजन साधारण ४६० किलो. तुम्ही दोघं, पेट्रोल, डिकीतलं सामान धरून साडेसहाशे होईल, तेही तीन चाकांत वाटलं जाणार. टायरच्या कडेला ७५ हा लोड इंडेक्स असेल तर तो टायर पूर्ण हवेवर एकटा ३८७ किलो पेलतो. तुमच्याकडे त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी काम आहे त्याला. तो फुगून मधल्या पट्ट्यावर उभा राहतो आणि रस्त्यावरची प्रत्येक रेघ हँडलपर्यंत आणून पोचवतो.

दुसरी गोष्ट, डाव्या-उजव्यात साडेतीनचा फरक. कमी हवेचं चाक जास्त रेटा घेतं, म्हणून गाडी त्या बाजूला ओढते. तुमची उजवीकडे ओढतेय ना? आणि एकाच वेळी भरलेली हवा एकाच चाकात उतरतेय, म्हणजे व्हॉल्व्ह बघा. आपल्या पंक्चरवाल्याची पद्धत: व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावायची आणि फुगा येतो का बघायचं. सभ्य माणसांनी साबणाचं पाणी घ्यावं.

रिक्षाप्रेमी:
बाहेरून वाचतोय, गाडी नाही माझ्याकडे. पण ही आपल्या रिक्षासारखीच ना? रिक्षावाले तर हाताने टायर दाबून बघतात आणि चालू पडतात :)

वाईकर_मास्तर:
नाही हो, नेमकी उलटी. रिक्षाला पुढे एक, मागे दोन. वळणात ब्रेक मारला की वजन पुढे आणि बाहेरच्या बाजूला जातं, आणि रिक्षाच्या त्या कोपऱ्यात चाकच नसतं, म्हणून ती तिरपी उलटू बघते. स्पायडरला त्याच कोपऱ्यात चाक आहे. स्थिरतेच्या दृष्टीने ही मांडणी चांगली, पण दिशा देण्याचं सगळं काम दोन पुढच्या टायरांवर येतं, त्यामुळे तिथली हवा जास्त बोलते.

आता मूळ प्रश्नाचं थोडं शास्त्र. मी ऑटोमोबाईल शिकवायचो, त्यामुळे लांबण लागली तर सहन करा.

टायर रस्त्याला जिथे टेकतो तो ठसा डोळ्यांसमोर आणा. एका पुढच्या चाकावर १५० किलो भार धरू. वजन भागिले दाब असा ढोबळ हिशोब केला तर १५ पीएसआयला ठसा साधारण १४० चौरस सेंटिमीटर येतो, ३० ला ७०. टायरची भिंतही थोडं वजन उचलते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक अगदी दुप्पट नसतो, पण दिशा तीच.

चाक जरा वळवलं की ठशातलं रबर आडवं ताणलं जातं आणि चाकाला परत सरळ आणू बघतं. हे ओढणं ठशाच्या मध्यावर नसून थोडं मागे असतं. ठसा लांब असेल तर हे मागचं अंतर वाढतं आणि हँडल आपणहून सरळ यायला बघतं. हवा जास्त, ठसा आखूड, तर ते सरळ येणं दुबळं पडतं. हातात हँडल हलकं लागतं, आणि दुकानातल्या फेरीत हलकं हँडल सगळ्यांना आवडतं! ११०च्या वेगात मात्र तेच हलकेपण बेचैनी होतं.

म्हणून हवा कमी करत सुटायचं असंही नाही. फार कमी केली तर टायरची भिंत लचकते. हँडल फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग वळते, टायर तापतो, कडा झिजतात. स्पायडरला वेगानुसार मदत करणारं पॉवर स्टिअरिंग आहे. कमी वेगाला ते जास्त जोर लावतं, त्यामुळे हवा उतरल्याचा जडपणा पार्किंगमध्ये हाताला कळतच नाही. दुचाकीवर हात सांगतो, इथे गेजलाच विचारावं लागतं.

सागुआरो:
मास्तरांना +१. मी टूसॉनला, हार्लेची ट्राय ग्लाइड. धाग्यात कुणी गोंधळू नये म्हणून लिहितो: आमची पुढे एक, मागे दोन. माझ्या गाडीला पुढे ३६, मागे २६. म्हणजे स्पायडरच्या जवळजवळ उलट. तीनचाकी म्हणून एकमेकांचे आकडे उचलू नका, फेसबुक ग्रुपवर हे रोज चालतं.

आमच्याकडे पुढची हवा उतरली की हँडल जड होतं आणि वेग कमी होत येताना ते डावं-उजवं थरथरतं. मागच्या दोघांत फरक पडला तर गाडी एका अंगाला चालते. बाकी उन्हाळ्यात इथे ४२-४३ डिग्रीला गाडी उभी असते, तेव्हा "थंड टायर" हा शब्दच विनोदी आहे. मी पहाटे बघतो.

पावसाळी:
माझी स्पायडर एफ३, व्हँकुव्हर. अजून कुणी बोललं नाही म्हणून: घाट.

आमच्याकडे समुद्रसपाटीला १५ भरून निघाले आणि रॉजर्स पासला (१३३० मीटर) जाऊन थांबले की गेज १७ दाखवतं. गळती उलटी तर नाही ना होणार! बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, गेज फक्त आतला-बाहेरचा फरक दाखवतं, म्हणून आकडा चढतो. कारमध्ये ३५ वर २ वाढले तर कुणाला पत्ता लागत नाही. १५ वर २ म्हणजे तेरा टक्के, आणि स्पायडरच्या हँडलला ते कळतं.

बो_नदीकाठी:
ताई, आम्ही तर बो समिटला जातो, २०६९ मीटर. मग तिथे हवा कमी करायची का?

पावसाळी:
अजिबात नको. वर चढलात की गारठाही वाढतो आणि गारठ्याने हवा आकसते. १५ पीएसआयच्या टायरला २० डिग्री तापमान उतरलं की जवळजवळ २ पीएसआय कमी होतात. कॅलगरी मुळातच हजार मीटरवर, त्यामुळे तुमच्यासाठी उंचीची वाढ दीडच्या आसपास, आणि दहा डिग्री थंडी त्यातलं बरंच खाऊन टाकते. त्यात टायर चालून तापलेला असतो ते वेगळंच. वर हवा सोडलीत तर खाली उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी १२ वर याल. रात्री वर मुक्काम असेल तरच दुसऱ्या दिवशी सकाळी बघून ठरवा.

तुमचे ३२ चे २९ झाले तेही बहुधा असंच. वर्कशॉप उबदार, तुमचं गॅरेज गार.

हायवे४०१:
वा, हे गणित मला नवीन. आमच्या ओंटारियोत घाटच नाहीत, लेक सुपीरियरच्या वरच्या अंगाचे चढउतार सोडले तर.

गेजबद्दल राहिलं. ० ते १०० वालं घेऊ नका, त्याच्या खालच्या टोकाला अर्धा-एक पीएसआय वाचताच येत नाही. ० ते ३० किंवा ० ते ४० चं घ्या, डायलचं किंवा डिजिटल, आणि ज्याला दाबून हवा सोडायचं बटण असतं ते. एकच गेज कायम वापरा. दोन गेजांत फरक असतोच, पण डावं-उजवं एकाच गेजने सारखं केलं की अर्धं काम झालं. व्हॉल्व्हला लावायचे सेन्सर घेणार असाल तर कमी हवेचा अलार्म १२-१३ पर्यंत खाली लावता येतो का ते विचारून घ्या. कारसाठीचे काही सेन्सर १५ बघून दिवसभर बोंबलत बसतात.

रिक्षाप्रेमी:
आणि नायट्रोजन?

वाईकर_मास्तर:
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरा.

बो_नदीकाठी:
अपडेट. साबणाचं पाणी लावलं, उजव्या व्हॉल्व्हवर बारीक बुडबुडे. आतली पिन ढिली होती, घट्ट केली, थांबले. माझ्या गाडीच्या स्टिकरवरही पुढे १५ आणि मागे २८ च आहे. सकाळी पुढे दोन्हीकडे १६ केली (डबलसीट जातो म्हणून एक जास्त), मागे २८.

काय सांगू, गाडी बदलल्यासारखी वाटली. कॉक्रनपर्यंत गेलो, त्या चाकोऱ्यांवरून हँडल नुसतं कुजबुजतं, झटका नाही. उजवीकडे ओढणं बरंच गेलं, किंचित आहे. आडवा वारा मात्र अजून ढकलतोच. मग आता अलाइनमेंट आणि स्वे बार करू की नको?

हायवे४०१:
उरलेलं किंचित ओढणं आधी सपाट, रिकाम्या पार्किंगमध्ये तपासा. आपण इकडे उजवीकडून चालतो आणि रस्ता पाणी जायला उजवीकडेच उतरता असतो, तेवढं ओढणं प्रत्येक गाडीला असतं.

स्वे बारचा या दुखण्याशी संबंध नाही. तो वळणात गाडी बाहेर कलते ते कमी करतो. मी बसवलाय, घाटात फरक छान वाटतो. पण सरळ रस्त्यावरच्या बेचैनीचं औषध म्हणून कुणी विकत असेल तर नमस्कार करा.

वाऱ्याचं म्हणाल तर एवढी मोठी काच आणि डिक्या आहेत, ढकलणारच. बुलेटवाल्यांची सवय असते हँडल आवळून धरायची. आवळलेला हात वाऱ्याने हलणारं शरीर थेट स्टिअरिंगमध्ये घालतो. ही गाडी कलत नाही, त्यामुळे बुलेटसारखं डावीकडे जायला डावं टोक ढकलायचं नाही, सरळ हवं तिकडे वळवायचं. पोट घट्ट ठेवा, गुडघे गाडीला टेकवा आणि बोटं सैल सोडा.

सागुआरो:
१६ बरोबर आहे का तेही बघता येईल. खडूने टायरच्या रुंदीभर आडवी जाड रेघ मारा, पार्किंगमध्ये पाच-दहा मीटर सरळ जा आणि उतरून बघा. रेघ मध्ये पुसली गेली आणि कडांना शिल्लक राहिली तर हवा जास्त. उलटं असेल तर कमी. सगळीकडे सारखी पुसली तर हात लावू नका. दोघं बसून करा, एकट्याचं वजन वेगळं.

पावसाळी:
हे मागच्या टायरलाही करा. स्पायडरचा मागचा टायर बहुतेकांचा मधूनच गुळगुळीत होतो, कडांची नक्षी नव्यासारखी आणि मध्ये टक्कल. मागची हवा कमी झाली की वेगळीच तऱ्हा, हँडल धड असतं पण लेन बदलताना शेपूट उशिरा येतं. लोक पुढे शोधत बसतात.

बो_नदीकाठी:
खडू मुलीच्या डब्यातून उचलला. पुढे रेघ सारखी पुसली गेली. मागे मध्ये थोडी जास्त पुसली, पण तो टायर जुनाच आहे.

पार्किंगमध्ये हात सैल सोडला तरी किंचित उजवीकडे जाते, रिकामीच. म्हणजे अलाइनमेंट करावी लागणार बहुतेक?

हायवे४०१:
हो, आता करा. पण जाण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारा. फक्त पुढच्या दोन चाकांचं एकमेकांशी जुळवणार की मागच्या चाकाच्या रेषेशीही मिळवणार? दुसरं करणाऱ्याकडेच जा, नाहीतर चाकं एकमेकांना समांतर आणि दोन्ही मिळून तिरकी अशी गंमत होते. आणि मोजताना सीटवर तुमच्याएवढं वजन ठेवणार का? वजनाने सस्पेन्शन बसलं की चाकांचा कोन बदलतो.

हवा तुम्ही स्वतः घरून १६-१६ करून न्या आणि त्यांना सांगा की हात लावायचा नाही. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा, कारण बाहेर पडताना कुणीतरी सवयीने पुन्हा ३२ करून देतं.