बीएडच्या मुलांचं आयटी कौशल्य, ज्ञान आणि वृत्ती, तिन्ही एकाच प्रश्नावलीत मोजायचं का?

एमएडवाली_बडोदा

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात एमएड करतेय, शेवटचं वर्ष. डिझर्टेशनचा विषय बीएड तालीमार्थींचं (म्हणजे शिक्षक व्हायला शिकणाऱ्यांचं) माहिती तंत्रज्ञानाचं कौशल्य, ज्ञान आणि वृत्ती. गाइडनी सांगितलं म्हणून पाच पॉइंटची एकच प्रश्नावली केली, साठ विधानं, तिन्हीची वीस-वीस, गूगल फॉर्मवर टाकून एका कॉलेजात पायलट, म्हणजे छोटी चाचणी-फेरी, पण उरकला. आता घोळ असा झालाय की सगळेच हुशार निघालेत. "मी स्प्रेडशीट वापरू शकतो" ला जवळपास सगळे पूर्ण सहमत. वृत्तीची सरासरी ४.६ आणि वृत्ती-कौशल्याचं कोरिलेशन (एक वाढलं की दुसरं वाढतं का ते सांगणारा आकडा) काढलं तर शून्याला चिकटलेलं. अल्फा (प्रश्नावलीच्या विश्वसनीयतेचा आकडा, जास्तीत जास्त १) मात्र ०.९३ आलाय त्यामुळे गाइड खूश, म्हणतात टूल मस्त झालंय, आता पुढच्या कॉलेजांत जा.

पण याच मुलांना मी लॅबमधे पाहिलंय ना! युनिट टेस्टच्या मार्कांची शीट करायची होती. एका मुलीने एक्सेलमधे सगळ्यांचे मार्क अगदी छान बॉर्डर-बिर्डर देऊन भरले, मग पर्समधून मोबाइल काढला, कॅल्क्युलेटरवर एकेकाची बेरीज केली आणि आलेला आकडा शेवटच्या खान्यात टाइप केला. फॉर्मवर रोल नंबर आहे म्हणून नंतर बघितलं, तिने स्प्रेडशीटला ५ दिलेत. आणि ती खोटं बोलत नाहीये हो, तिच्या मते ती स्प्रेडशीट वापरतेच आहे.

तर हेच टूल घेऊन पुढे जाऊ का तिन्ही वेगळं मोजू? आणि वेगळं मोजायचं तर कसं, माझ्याकडे काही फार महिने नाहीत.

दांडियाबाजार_मास्तर

ताई, पुढे जाऊ नका. वृत्ती विचारून कळते, ज्ञान परीक्षा घेऊन कळतं, कौशल्य करायला लावूनच कळतं. तुम्ही तिन्ही गोष्टी विचारल्यात, म्हणजे तुमच्याकडे वृत्ती आहे आणि उरलेल्या चाळीस विधानांत मुलांचा स्वतःवरचा विश्वास आहे. आता तो विश्वास फेकून द्यायची गरज नाही बरं का, त्याला कौशल्य म्हणू नका एवढंच. "स्वतःला वाटणारी क्षमता" असं नाव द्या आणि शेजारी प्रत्यक्ष काम ठेवा, दोन्हींतली तफावत हाच तुमच्या प्रबंधाचा सगळ्यात वाचनीय भाग होईल.

अल्फावर फार जाऊ नका. तो एवढंच सांगतो की विधानं एकमेकांशी जुळून चालतात, काय मोजतायत ते सांगत नाही. विधानं वाढवली की तो आपोआप वर सरकतो, आणि काही जण सगळीकडे ५ आणि काही जण सगळीकडे ४ ठोकत गेले तरी तो झकास येतो. शिवाय साठ विधानांचा मिळून एकच अल्फा काढला असेल तर तो ठेवूच नका, तीन भागांचे तीन काढा.

आणि तुमच्या बडोद्याच्या विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत एक चक्कर मारा किंवा घरबसल्या शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, बघा, या विषयावरचे प्रबंध सापडतील. बऱ्याच जणांनी तुमच्यासारखंच केलेलं दिसेल, म्हणून ते बरोबर ठरत नाही. टूलचं परिशिष्ट आधी वाचा, निष्कर्ष नंतर.

आकडेमोड_इंदूर

मास्तरांशी सहमत, फक्त त्या शून्य कोरिलेशनबद्दल थोडं. त्याचा अर्थ वृत्ती आणि कौशल्याचा संबंध नाही असा लावू नका. वृत्तीत सगळे ४.४ ते ४.८ मधे कोंबले गेलेत, फरकच नाही तर कोरिलेशन कशाशी लागणार? छताला डोकं लागलंय सगळ्यांचं. उंची मोजायची तर छत वर न्यायला लागेल.

आता छत खाली का आलं ते बघा. वृत्तीची विधानं कुठल्या तरी जुन्या स्केलवरून उचलली असतील. लॉयड आणि ग्रेसार्डची कॉम्प्युटर अ‍ॅटिट्यूड स्केल १९८४ ची आहे, चिंता, आत्मविश्वास, आवड असे तिचे भाग, आणि तेव्हा कॉम्प्युटरची भीती वाटणं ही खरीखुरी गोष्ट होती. आज बावीस वर्षांच्या मुलाला "मला संगणकाची भीती वाटते का" विचारलं तर तो हसेल आणि ठोकून देईल. त्याला असं काहीतरी विचारा जिथे द्यायलाही काही लागतं: धडा मागे पडत असेल तरी मी मुलांना स्वतः माहिती शोधायला पिरियड देईन. प्रोजेक्टर बंद पडला तर पुढच्या वेळी मी तो मागणारच नाही. वर्गातल्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त येत असेल तर मला अवघडल्यासारखं होतं. इथे मतं फाटतील बघा.

उलटी विधानं, म्हणजे ज्यांना असहमत असणं ही चांगली वृत्ती, घातली आहेत का? घातली असतील तर आधी रॉ डेटात बघा की कोण कोण सरळ आणि उलट्या दोन्हींना ५ देत खाली गेलंय. ते फॉर्म बाजूला काढा आणि किती काढले ते लिहा, लपवू नका. आणि स्कोअर करताना उलटी विधानं उलटवायला विसरू नका, ते राहिलं की पुढचं सगळंच बोंबलतं.

ज्ञानाच्या टेस्टला साधी जुनी रीत पुरेशी आहे, एकूण मार्कांप्रमाणे वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी घ्या, प्रत्येक प्रश्न दोन गटांत किती जणांना आला बघा. दोघांना सारखाच येत असेल तर तो प्रश्न काढा. रॅमचा फुल फॉर्म बिलकुल विचारू नका, तो पाठ असतो आणि त्याने शिकवण्यात काडीचा फरक पडत नाही.

सेम३_बीएड

मी बीएड करतोय, असे फॉर्म आम्ही कायम भरतो म्हणून आतली गोष्ट सांगतो 😅 मॅडम ग्रुपवर लिंक टाकतात, खाली "आज संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी भरायचंच", वर रोल नंबर. आता सांगा इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात त्यांना मी "तंत्रज्ञानामुळे शिक्षण सुधारतं असं मला वाटत नाही" असं लिहून देणार आहे का? कॅन्टीनमधे बसून चौघं एकत्र भरतो, एक जण वाचतो बाकीचे टिक करतात. रोल नंबर काढा ताई, तुमचा स्वतःचा कोड द्या आणि कॉलेजच्या मॅडमना खोलीबाहेर ठेवा. कामाची टेस्ट घेतली तर आम्ही कंटाळणार नाही उलट, फॉर्मला कंटाळतो.

अजून एक, आमचं सगळं मोबाइलवर चालतं. लेसन प्लॅन पण मोबाइलवर, पीपीटी पण मोबाइलवर. तुम्ही लॅबमधे डेस्कटॉपवर बसवलं तर जो घरी माउस धरत नाही तो नापास, पण वर्गात तो मोबाइलवरून व्हिडिओ कापून, गुजरातीत सबटायटल टाकून दाखवेल. मग त्याला येतं की नाही येत?

खडू_आणि_केबल

वरचा प्रश्न चोख आहे. मी गुजराती माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते, इंटर्नशिपला आलेले तालीमार्थी दरवर्षी माझ्याकडे असतात. एनसीटीईच्या (शिक्षक-शिक्षणाची राष्ट्रीय परिषद) २०१४ च्या नियमांनी दोन वर्षांचं बीएड झालं आणि इंटर्नशिप लांबली तेव्हापासून बघायला भरपूर वेळ मिळतो, पूर्वी येऊन पाठ देऊन पळायचे. त्यामुळे माझं मत असं की साधन त्यांना निवडू द्या आणि काम तुम्ही ठरवा. "पॉवरपॉइंट येतं का" हे काम नाही. काम म्हणजे: सातवीच्या विज्ञानाचा एक धडा, त्यावर दहा मार्कांची टेस्ट बनवा, मुलांपर्यंत पोचवा, मार्कांवरून सांगा की उद्या कुठला मुद्दा परत शिकवाल. मोबाइलवर करा नाहीतर लॅबमधे.

यात सगळं बाहेर येतं. पेपर टाइप करणं घ्या. आमच्या शाळेत जुने पेपर सगळे टेराफॉन्ट वरुण किंवा एलएमजी अरुण या जुन्या गुजराती फॉन्टमधे पडलेत, तालीमार्थी त्यातला प्रश्न कॉपी करून गूगल डॉकमधे टाकतात आणि तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. इथे तीन प्रकारची मुलं दिसतात. एक म्हणतो फाइल बिघडली. दुसरा गपचूप पहिल्यापासून परत टाइप करतो. तिसऱ्याला कळतं की ही युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेताच्या, आधीची फॉन्ट आहे, तो कन्व्हर्टर शोधतो आणि कन्व्हर्ट झाल्यावर जोडाक्षरं तपासतो. आता दुसऱ्याचा पेपर पण वेळेत आणि सुबक आलाच ना, म्हणजे फक्त तयार पेपर बघून मार्क दिलेत तर दुसरा आणि तिसरा सारखेच. करताना बघा. किमान स्क्रीन रेकॉर्ड करून घ्या, अर्थात त्यांना विचारून.

दुसरं म्हणजे जिथे संधीच नाही तिथे कौशल्य शून्य लिहू नका. कितीतरी शाळांत स्मार्टबोर्ड कुलपात आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. पेग्गी अर्टमरने १९९९ मधेच हे दोन वेगळे अडथळे म्हणून मांडलंय, बाहेरचे म्हणजे साधनं, वेळ, मदत आणि आतले म्हणजे शिक्षकाच्या समजुती. तुमच्या अभ्यासात "मिळालंच नाही" असा एक रकाना पाहिजेच, नाहीतर शाळेचं कुलूप पोरांच्या खात्यात जमा होईल.

एमएडवाली_बडोदा

मास्तरकाका, इंदूरकर, सगळ्यांचे आभार. रोल नंबर आजच काढते. गाइडना मी पटवते, पण ते म्हणणार स्वतः कशाला बनवतेस, तयार प्रमाणित टूल घे, टीपॅकची (शिक्षकाच्या तंत्रज्ञान-ज्ञानाचा एक साचा) २००९ ची श्मिटवाली प्रश्नावली आहे की. ती चालेल का?

आकडेमोड_इंदूर

टीपॅकचा साचा घ्या, मिश्रा आणि केलरनी २००६ मधे मांडलेला, कारण तो नेमकं हेच म्हणतो की तंत्रज्ञान, विषय आणि शिकवण्याची पद्धत यांचं सुटं सुटं ज्ञान असून भागत नाही, तिन्ही जिथे एकमेकांत मिसळतात तिथे शिक्षक दिसतो. पण श्मिटवाली प्रश्नावली जशीच्या तशी नको. ती अमेरिकेतल्या प्राथमिक आणि बालवर्गाच्या भावी शिक्षकांसाठी आहे, त्यात एकाच माणसाला गणित, भाषा, विज्ञान, समाजशास्त्र चारही विषयांबद्दल विचारलंय. तुमच्या बीएडवाल्याची मेथड, म्हणजे शिकवायचा विषय, ठरलेली असते, गणितवाला समाजशास्त्राच्या विधानांना काय टिक करणार? आणि मुख्य म्हणजे तीही स्वतःबद्दल विचारतेच, म्हणजे तुम्ही फिरून तिथेच. क्षमतेच्या भागासाठी त्यातली विधानं घ्या, विषयाचं नाव बदला, बदल केला हे लिहा आणि परत पायलट करा.

दांडियाबाजार_मास्तर

गाइडना असं सांगा की पूर्ण सॅम्पलला फॉर्म आणि ज्ञानाची टेस्ट, आणि त्यातले तीसएक जण चिठ्ठ्या टाकून काढून फक्त त्यांना काम. सगळ्यांना कामाला बसवायला गेलात तर पुढच्या वर्षी पण इथेच भेटाल. तीन आकड्यांची बेरीज करून "एकूण आयटी क्षमता" मात्र काढू नका, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) पहिला प्रश्न त्यावरच येतो.

आणि कामाला मार्क देणारे दोघं हवेत, तुम्ही एकट्या नाही. खडूताई तयार असतील तर उत्तमच.

खडू_आणि_केबल

मी तयार आहे, शनिवारी दुपारनंतर जमेल. रुब्रिक, म्हणजे मार्क द्यायचा तक्ता, आधी पाठव, चार पातळ्यांच्या वर नको आणि प्रत्येक पातळीला काय दिसलं की किती मार्क ते लिही, "चांगलं, बरं, साधारण" असलं नको. पहिले पाच-सहा रेकॉर्डिंग दोघी वेगवेगळे तपासू, जिथे मार्क जुळणार नाहीत तिथे रुब्रिक दुरुस्त करू आणि मगच बाकीचे.