ईजीआर साफ केला तरी पी०४०१ कोड परत येतो

प्रश्न: डिझेल गाडी, १ लाख १० हजार किमी. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणारी झडप) काढून काजळी साफ केली, कोड पुसला. दोन दिवसांत पी०४०१ पुन्हा हजर. पिकअप ठीक, धूर नाही. व्हॉल्व्ह बदलावा की ब्लँकिंग प्लेट (ईजीआरचा मार्ग बंद करणारी पट्टी) टाकून विषय संपवावा?

पाना-पक्कड: एवढ्यात नवा घेऊ नका. पी०४०१ सांगतो की एक्झॉस्ट पुरेसा परत फिरत नाही. व्हॉल्व्हच गेला असं तो म्हणत नाही. व्हॉल्व्ह उघडा अडकला असता तर आयडलिंगला इंजिन थरथरलं असतं, पेडल दाबताच काळा धूर निघाला असता.

इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, स्कॅनरने व्हॉल्व्ह उघडायची कमांड द्या आणि एमएएफचं (इंजिनात येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग बघा. ते स्पष्ट घसरायला हवं, कारण ताज्या हवेची जागा जळका वायू घेतो. व्हॉल्व्ह हलतोय पण एमएएफ जागचं हलत नाही, तर पुढचा मार्ग तुंबलाय. व्हॉल्व्हच कमांड पाळत नसेल तर मोटर किंवा वायरिंग. दोन्ही नीट असूनही कोड आला, तर एमएएफ सेन्सरवर संशय घ्या. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ईजीआरचा हिशेब त्याच्यावरूनच करतो.

काजळमाया: ब्लँकिंग प्लेटने ताकद वाढते हा गैरसमज. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू व्हॉल्व्ह तसाही बंद ठेवतो. प्लेटने ज्वलनाचं कमाल तापमान चढतं, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, शिवाय तुमचा कोड कायमचा मुक्कामाला.

प्रश्नकर्ता: व्हॉल्व्ह कमांड पाळतो, एमएएफ ढिम्म.

पाना-पक्कड: मग इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) तोंड आणि ईजीआर कूलर (परत फिरणारा जळका वायू थंड करणारा भाग) उघडा. काजळीत ब्रीदरमधली (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतली) तेलाची वाफ मिसळून डांबरासारखा थर बसतो. नुसता व्हॉल्व्ह पुसून तो जात नाही. मॅनिफोल्ड इंजिनावर असताना खरवडू नका, ढेकळं सिलिंडरमध्ये जातील. काढूनच धुवा, पूर्ण वाळवा. क्लीनर व्हॉल्व्हच्या मोटरच्या बाजूला जाऊ देऊ नका, आणि स्क्रूड्रायव्हरने व्हॉल्व्ह ढकलू नका. आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. गॅस्केट नवीच. शेवटी स्कॅनरवर ईजीआर अ‍ॅडॅप्टेशन (व्हॉल्व्हची पोझिशन ईसीयूला नव्याने शिकवणं) करा, नाहीतर ईसीयू जुनीच बंद पोझिशन धरून बसतो.

काजळमाया: कूलर हातात आलाच आहे तर प्रेशर टेस्ट करून घ्या. कूलंट कमी होत असेल आणि गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत असेल, तर तो धुऊन उपयोग नाही, बदलावाच लागतो.